आनंदच्या डावांतून नेमकं काय शिकायचं?

विश्वनाथन आनंदने आजवर खेळलेले हजारो डाव आज कुणालाही फुकट पाहता येतात. मोबाइलवर नाव टाकलं की १९८० च्या दशकातल्या कुमार स्पर्धांपासून जगज्जेतेपदाच्या लढतींपर्यंत सगळं समोर येतं. शेजारी संगणकाचं मूल्यमापन हलत असतं, कोण किती पुढे ते चालीगणिक सांगत असतं. क्लासमधले सर सांगतात, ‘मोठ्यांचे डाव बघ.’ मुलगा बघतो. बोटाने चाली पुढे सरकवत अर्ध्या तासात पाच-सहा डाव उरकतो. आठवड्याने विचारलं, तर त्यातली एक चालही सांगता येत नाही.

दोष मुलाचा नाही आणि डावांचाही नाही. डाव बघणं आणि डावातून शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढंच त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. ग्रँडमास्टरच्या डावात चाल दिसते, पण ती कशातून निवडली गेली ते दिसत नाही. कोणत्या चाली बाजूला ठेवल्या, कुठे भीती वाटली, कुठे घड्याळाकडे बघून निर्णय घेतला, यातलं काहीच चालींच्या यादीत नसतं. शिकण्यासारखं बहुतेक सगळं मात्र तिथेच असतं. तेव्हा कोणाचे डाव घ्यावेत, त्यातले कोणते निवडावेत, कोणत्या क्रमाने आणि संगणक कधी चालू करावा, हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

संगणक येण्याआधी यावर एक ठरलेला उपाय होता. पुस्तकातला डाव घ्यायचा, पुढची चाल कागदाने झाकायची, आपली चाल ठरवायची आणि मग कागद खाली सरकवायचा. सोव्हिएत परंपरेत मिखाईल बोट्विनिक यांनी याच्या पुढची पायरी घालून दिली. स्वतःच्या डावांचं, विशेषतः हरलेल्या डावांचं, लेखी विश्लेषण करायचं आणि ते इतरांपुढे तपासायला ठेवायचं. तेव्हा माहिती कमी होती, त्यामुळे हाती आलेला प्रत्येक डाव चघळला जायचा. आज माहिती अमाप आहे आणि चघळायला वेळ दिला जात नाही.

आधुनिक भारतीय ग्रँडमास्टरांपैकी या अभ्यासासाठी आनंदच सर्वांत सोयीचा, असं म्हणायला ठोस कारण आहे. त्याच्या कारकिर्दीत बुद्धिबळाचे तीन काळ सामावले आहेत. चेन्नईत आई सुशीला यांच्याकडून तो खेळ शिकला आणि तिथल्या ताल क्लबमध्ये झटपट डाव खेळत वाढला. तो पुस्तकांचा आणि छापील संग्रहांचा काळ होता. १९८८ मध्ये तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला, तेव्हा डेटाबेस नुकते येऊ लागले होते. २००० मध्ये तेहरानला अलेक्सी शिरोव्हला हरवून तो पहिल्यांदा जगज्जेता झाला. २००७ ते २०१३ पर्यंत त्याने ते पद राखलं, तोवर घरच्या तयारीत संगणक हा मुख्य सहकारी झाला होता. आणि २०१७ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, रियाधला तो जागतिक रॅपिड विजेता ठरला. एकाच माणसाच्या डावांत हे सगळे बदल पाहता येतात. त्याचे निवडक डाव त्याच्या स्वतःच्या टिपणांसह पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत, ही आणखी एक मोठी सोय.

सुरुवात मात्र विजयी डावाने करू नये. १९८८ साली बिएलच्या स्पर्धेत कोलंबियाच्या अलोन्सो झापाताविरुद्ध आनंद सहा चालींत हरला. तो डाव पटावर लावायला एक मिनिटही लागत नाही. दोन्ही बाजूंनी राजापुढची प्यादी दोन घरं पुढे आली, दोघांचे राजाकडचे घोडे बाहेर पडले, म्हणजे पेत्रोव्ह बचाव. पांढऱ्याच्या घोड्याने ई५ वरचं प्यादं मारलं, काळ्याने डी६ करून त्याला हाकललं आणि मग स्वतःच्या घोड्याने ई४ वरचं प्यादं वसूल केलं. पाचव्या चालीला झापाताने दुसरा घोडा सी३ वर आणला. आनंदने ई४ वरच्या घोड्याच्या मदतीला उंट एफ५ वर ठेवला. झापाताने वजीर ई२ वर सरकवला आणि डाव संपला.

का संपला, ते प्रत्येकाने स्वतः शोधावं. ई४ वरच्या घोड्यामागे त्याच रांगेत काळा राजा उभा आहे, म्हणून घोडा हलूच शकत नाही. डी५ करून त्याला आधार दिला तर पांढरा डी३ करतो आणि जखडलेला घोडा जातो. वजीर ई७ वर आणून राजापुढची रांग झाकली तर पांढरा घोडा डी५ वर उडी मारतो. त्या घोड्याचा रोख वजिरावर असतो आणि सी७ च्या प्याद्यावरही. वजीर कुठेही गेला तरी काही ना काही गमवावंच लागतं.

या डावाची पूर्वकथा चालींइतकीच महत्त्वाची आहे. उंट एफ५ ही चाल आनंदची स्वतःची नव्हती. १९८७ मध्ये टोनी माइल्स आणि लॅरी ख्रिस्तियान्सन यांच्या डावात ती खेळली गेली होती. माइल्सने वजीर ई२ वर आणला नाही आणि डाव बरोबरीत सुटला. दोन नामांकित ग्रँडमास्टर खेळले आहेत म्हणजे चाल बरोबरच असणार, या भरवशावर ती पुढे आली. भावी जगज्जेत्याला सहा चालींत हरवलं ते या भरवशाने. डेटाबेसमध्ये चालीपुढे मोठी नावं बघून ती पाठ करणाऱ्या आजच्या मुलांसाठी याहून समर्पक डाव शोधून सापडणार नाही. आनंदला या पराभवाने काही धक्का लागला नाही, तो पुढे काय झाला ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच मुलांना हा डाव दाखवताना संकोच वाटायचं कारण नाही.

आता दुसरं टोक. जानेवारी २०१३, नेदरलँड्समधलं वाइक आन झी, टाटा स्टील स्पर्धा. पांढरी मोहरी लेव्हॉन अरोनियनकडे, काळी आनंदकडे. ओपनिंग सेमी-स्लाव. बाराव्या चालीला अरोनियनने घोडा जी५ वर आणला, रोख एच७ च्या प्याद्यावर. आनंदने तिकडे लक्ष न देता सी५ करून मध्यभाग फोडला. अरोनियनने एच७ वरचं प्यादं मारलं, आता त्या घोड्याचा रोख एफ८ च्या हत्तीवर. आनंदने पुन्हा दुर्लक्ष केलं आणि आपला घोडा जी४ वर, पांढऱ्या राजाच्या दाराशी, नेऊन ठेवला.

इथपासून डाव चालीगणिक थांबवत पाहायचा. पंधराव्या चालीला आनंदने उंट सी५ वर ठेवला, जिथे डी४ चं प्यादं त्याला सरळ मारू शकत होतं. अरोनियनने मारला नाही. सोळाव्या चालीला दुसरा घोडा ई५ वर आला आणि एफ४ चं प्यादं त्याला मारू शकत होतं. मारलं तर काय होतं ते बसून मोजावं. काळा वजीर डी४ वर येऊन शह देतो. राजा एच१ च्या कोपऱ्यात जातो. मग काळा वजीर थेट जी१ वर स्वतःला देऊन शह देतो. पांढऱ्या हत्तीला तो मारावाच लागतो. मग घोडा एफ२ वर जातो आणि मात होते, कारण राजाभोवतीची सगळी घरं त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली असतात. ही मात पुस्तकांत शेकडो वर्षांपासून आहे. उच्च दर्जाच्या डावात ती सहसा प्रत्यक्ष पटावर येत नाही, पण तिच्या धाकाने दुसऱ्याच्या चाली ठरतात.

या डावातली शिकण्यासारखी सर्वांत मोठी चाल मात्र बलिदानांपैकी एकही नाही. एकोणिसाव्या चालीला अरोनियनने एफ८ वरचा हत्ती मारला. सर्वसाधारण खेळाडू लगेच घोडा मारून हिशेब चुकता करेल. आनंदने एफ५ हे प्यादं ढकललं. त्याने पांढऱ्या वजिराचा सी२ पासून एच७ पर्यंतचा कर्ण बंद केला, जी४ च्या घोड्याला आधार दिला आणि अरोनियनपुढचा सुटकेचा शेवटचा मार्ग मिटला. तेविसाव्या चालीला अरोनियनने हार मानली. हल्ला ऐन भरात असताना एक शांत चाल करण्याइतकी सवड काढणं, हे या डावातलं खरं शिक्षण. संगणक ही चाल क्षणात दाखवतो. विद्यार्थ्याने ती संगणक बंद ठेवून शोधायचा प्रयत्न केला आणि सापडली नाही, तरी ती त्याच्या कायमची लक्षात राहते.

पांढऱ्या राजावर रोखलेले काळ्याचे दोन उंट पाहून जाणकारांना लगेच १९०७ सालचा, लोड्झ इथला रोटलेवीविरुद्ध रुबिनस्टाइनचा डाव आठवला. जुने डाव अभ्यासण्याचा उपयोग इथे कळतो. ते रुबिनस्टाइनच्या चाली पाठ करायला नसतात. मोहऱ्यांची एक विशिष्ट ठेवण एकदा डोळ्यांत बसली की शंभर वर्षांनंतरही, वेगळ्या ओपनिंगमध्येही ती ओळखू येते. विद्यार्थ्याने हे दोन डाव शेजारी शेजारी दोन पटांवर लावून पाहावेत. अरोनियनविरुद्धची बरीचशी तयारी आनंदने आदल्या वर्षीच्या बोरिस गेलफंडविरुद्धच्या लढतीसाठी केली होती. तिथे ती वापरायची वेळ आली नाही, ती पुढच्या वर्षी कामी आली.

ओपनिंगची तयारी किती उचलायची, यावर प्रशिक्षकांत दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, ग्रँडमास्टर खेळतात तेच खेळावं. दुसऱ्याचं म्हणणं, जगज्जेत्याच्या तयारीचा सामान्य खेळाडूला काहीच उपयोग नाही. २००८ ची बॉनमधली लढत दोघांनीही पाहण्यासारखी आहे. आनंद आयुष्यभर पांढऱ्याने बहुतांशी ई४ खेळत आला होता. व्लादिमीर क्रामनिकविरुद्ध तो डी४ वर गेला. काळ्याने त्याने सेमी-स्लावच्या मेरान शाखेतला एक तीक्ष्ण प्रकार निवडला आणि त्याच प्रकारात तिसरा आणि पाचवा डाव जिंकला. पाचव्या डावात क्रामनिकने प्यादं जिंकण्यासाठी घोड्याने डी४ वर मारलं आणि सरळ वाटणाऱ्या चालींनंतर ई३ वर आलेल्या आनंदच्या घोड्याने डाव संपवला. लढत ६.५-४.५ अशी आनंदने जिंकली. इथून चाली उचलू नयेत, कारण त्या आता जुन्या झाल्या आहेत. निवड कशी केली ते उचलावं. क्रामनिकला शांत, नियंत्रित डाव आवडतात हे ओळखून आनंदच्या चमूने त्याला नको असलेल्या गुंतागुंतीत नेलं. त्या चमूत पीटर हाइन नील्सन, रुस्तम कासिमजानोव्ह, राडोस्लाव वोयताशेक आणि आपला सूर्यशेखर गांगुली होता. जिल्हा स्पर्धेत खेळणारा मुलगाही पुढच्या फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याला काय आवडत नाही, एवढा विचार नक्की करू शकतो.

आनंदचे हरलेले डाव मुलांना फार कमी दाखवले जातात, हे खरं नुकसान आहे. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये गॅरी कास्पारोव्हविरुद्ध नववा डाव जिंकून तो पुढे गेला. दहाव्या डावात कास्पारोव्हने घरी शिजवलेलं हत्तीचं बलिदान पटावर ठेवलं आणि आनंदकडे उत्तर नव्हतं. २०१० मध्ये सोफियात व्हेसेलिन टोपालोव्हविरुद्धच्या पहिल्याच डावात आनंद तयारीतला चालींचा क्रम विसरला आणि राजा एफ७ वर गेला. टोपालोव्हने एफ६ वर घोडा देऊन डाव मोडला. त्याआधी आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद असल्याने आनंदला फ्रँकफर्टहून सोफियापर्यंत रस्त्याने जावं लागलं होतं. तरीही लढत त्याने जिंकली, तीही शेवटच्या बाराव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी. २०१३ मध्ये घरच्या चेन्नईत मॅग्नस कार्लसनकडे पद गेलं. तिथला नववा डाव आनंदने पूर्ण ताकदीनिशी हल्ला चढवून खेळला. अठ्ठाविसाव्या चालीला, शहाच्या उत्तरात, घोडा एफ१ वर घातला आणि डाव गेला. उंट घातला असता तर लढाई चालू राहिली असती. त्या स्थितीपासून आधी काही चाली मागे जावं आणि आनंद एवढा मोठा धोका का पत्करत होता ते विचारावं. लढतीत मागे पडलेल्या माणसाचा तो निर्णय होता, आणि स्कोअर माहीत नसेल तर त्या चाली कळतच नाहीत.

हेच आकड्याच्या पट्टीत येत नाही. संगणक प्रत्येक स्थिती नव्याने पाहतो, त्याला लढत कुठे आहे, घड्याळात किती वेळ उरलाय, आदल्या दिवशी काय झालं, याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला नाकारायचं कारण नाही. स्टॉकफिशसारखा फुकट मिळणारा कार्यक्रम आज जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा बलवान आहे, आणि विश्लेषण तपासायला त्याच्याइतका निःपक्ष परीक्षक नाही. मुद्दा क्रमाचा आहे. आधी स्वतःचं मत लिहून काढायचं, मग त्याला विचारायचं. चेन्नईत आर. बी. रमेश यांच्याकडे प्रज्ञानंद आणि इतर मुलं ज्या पद्धतीने घडली, तिचा गाभा डोक्यात खोलवर मोजण्याच्या सरावात आहे. डी. गुकेशचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी तर बरीच वर्षं, सुमारे २५०० मानांकन होईपर्यंत, त्याला संगणकापासून दूर ठेवलं. त्या वाटेवर गुकेश १२ वर्षं ७ महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला. प्रत्येकाने असं करावं असं नाही. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवसापासून संगणकाच्या हवाली करणाऱ्या पालकांनी हे उदाहरण समोर ठेवावं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आता घराजवळची सामग्रीही चांगली तयार झाली आहे. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ च्या टोरंटोतल्या कँडिडेट्स स्पर्धेत हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. पहिल्या डावात काळ्या मोहऱ्यांनी, एच३ वर उंट देऊन. नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका त्या दिवशी तुटली. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून, आणि त्यासोबत ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते. आपल्या भाषेत बोलणारा खेळाडू स्वतःच्या डावाबद्दल बोलतो, तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला त्यातले निर्णय अधिक लवकर कळतात. या डावांवर मराठीतून सविस्तर टिपणं लिहिली जायला हवीत, म्हणजे चाली देऊन पुढे चार ओळींत ‘इथे तो काय विचारात पडला असेल’ हेही यायला हवं.

निवडीबाबत एक स्पष्ट मत द्यायला हरकत नाही. अरोनियनविरुद्धचा डाव कितीही सुंदर असला तरी १२०० ते १५०० मानांकनाच्या खेळाडूला त्यातून प्रेरणा अधिक आणि कौशल्य कमी मिळतं. त्याच्यासाठी गुकेशचा सिंगापूरमधला चौदावा डाव अधिक उपयुक्त. १२ डिसेंबर २०२४, डिंग लिरेनविरुद्धच्या लढतीत ६.५-६.५ अशी बरोबरी. गुकेशकडे काळी मोहरी, हत्ती, उंट आणि दोन प्यादी. डिंगकडे हत्ती, उंट आणि एक प्यादं. स्थिती बरोबरीची होती, पण गुकेशने डाव सोडला नाही, त्रास देत राहिला. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्तींची अदलाबदल करण्यासाठी हत्ती एफ२ वर ठेवला. हत्ती गेले, गुकेशने उंट डी५ वर आणला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्याच कर्णात अडकलेला, त्यामुळे उंटांची अदलाबदल टळणार नव्हती. उरलेला राजा-प्याद्यांचा शेवट काळ्याने जिंकलेला होता आणि अठ्ठावन्नाव्या चालीला डिंगने हार मानली. १८ व्या वर्षी गुकेश जगज्जेता झाला.

क्लासमध्ये या डावाला दोन बैठका द्याव्यात. पहिल्या बैठकीत अदलाबदलीच्या आधीची स्थिती लावायची आणि मुलांच्या जोड्या करायच्या. पांढऱ्याने हत्ती पटावर राखून बरोबरी काढायची, काळ्याने त्याला सुखाने बसू द्यायचं नाही. मग बाजू बदलायच्या. किती जण बरोबरी राखू शकतात ते बघायचं, आणि ज्यांना जमलं नाही त्यांची चूक कुठल्या चालीला झाली ते त्यांनीच वहीत लिहायचं. दुसऱ्या बैठकीत उंट मारल्यानंतरची स्थिती. फक्त दोन राजे, एका बाजूला दोन प्यादी आणि दुसऱ्या बाजूला एक. विरोधी राजाला समोरासमोर अडवून जिंकायचं कसं, हे प्रत्येक मुलाने जोडीदाराविरुद्ध, पुस्तक न बघता, जिंकून दाखवायचं. जमेपर्यंत स्थिती पुन्हा लावायची. संगणक दुसरी बैठक संपल्यावर चालू करायचा आणि वहीतल्या नोंदी त्याच्याशी ताडून बघायच्या.